भग्न मूर्तींचे अपराधी कोण?

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातून आपला देवभक्त सद्गृहस्थ बाहेर पडतो तो बहुधा संतापून. सेंट फ्रान्सिस आसिसीच्या मठात १९६४ साली स्थापन झालेल्या या संग्रहात विष्णू आहे, सूर्य आहे, वीरगळ आणि सतीशिळा आहेत. आणि त्याच छपराखाली पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरीही आहेत. १५४० साली तिसवाडीतील आणि १५६७ साली सासष्टीतील देवळे कोणी पाडली, हे मग निराळे सांगावे लागत नाही. हा संताप न्याय्य आहे. परंतु फिर्यादीने न्यायासनापुढे स्वच्छ हातांनी यावे, असा कायद्याचा जुना दंडक आहे. आमचे हात स्वच्छ आहेत काय?

जीर्णोद्धार म्हणून आज आम्ही काय करतो? जुने देऊळ उतरवून सिमेंटचे उभारतो, काळ्या पाषाणाच्या जागी संगमरवर आणतो आणि प्रांगणातील झिजलेल्या शिळा नदीत नाहीतर भरावात लोटतो! विचारल्यास उत्तर तयार असते : भग्न मूर्ती पूजू नये, जलात सोडावी. वचन खरे आहे. पण त्याच विधीत मूर्तीतील देवतत्त्व आधी काढून घ्यावयाचे असते. मागे उरलेल्या पाषाणाची विटंबना होऊ नये, हाच विसर्जनाचा हेतू; आणि तो संग्रहालयात अधिक चांगला साधतो. शिवाय वीरगळ हा तर देव नव्हेच. खाली रणात झुंजणारा वीर, मध्ये त्यास नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर. गोव्यातील काही वीरगळांवर तर नौकाही कोरल्या आहेत. ज्याचे नाव कोणत्याही ताम्रपटात आले नाही, अशा पूर्वजाचे हे एकमेव स्मारक. ते बुडवावे, असे कोणते शास्त्र सांगते?

कायद्याची बाजूही ध्यानी घ्यावी. १९७२ च्या अधिनियमान्वये शंभर वर्षांची जुनी मूर्ती पुरावशेष ठरते. देवतेला विधिमान्य व्यक्तित्व आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली सांगितले. तामिळनाडूतील पत्तूरचा नटराज चोरून लंडनला नेला गेला; तेथील देऊळ पडके होते, तरी त्याचा हक्क इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ साली मान्य केला आणि नटराज स्वदेशी परतला. चोराकडून देव परत मागता येतो. विश्वस्तांनीच जो नदीच्या स्वाधीन केला, तो कोणत्या न्यायालयात मागावा?

महाजन हे देवाच्या वस्तूंचे मालक नव्हेत, राखणदार आहेत. म्हणून जीर्णोद्धाराच्या ठरावाबरोबर सभेने दुसराही ठराव करावा : प्रत्येक जुन्या शिळेचे छायाचित्र, माप आणि मूळ जागा वहीत नोंदल्यावाचून ती हलवू नये, मग ती प्रांगणातच निवाऱ्याखाली ठेवावी, अथवा रीतसर पावती घेऊन संग्रहालयास द्यावी. यास फारसा खर्च नाही. इतकेही न करणाऱ्या सभेने पोर्तुगिजांच्या नावे बोटे मोडू नयेत.