मुखवटा जरा वेळ उतरवा

अमेरिकेतील गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत गेल्या काही वर्षांत एक दृश्य वरचेवर पाहावयास मिळते. सुटीचा दिवस असतो, बालविभागात मुलांची झुंबड उडालेली असते आणि पुस्तकांच्या कपाटांमधून पांढरेशुभ्र चिलखत व शिरस्त्राण घातलेले दोन सैनिक डौलात चालत येतात. त्यांच्यामागून काळा झगा व काळा मुखवटा ल्यालेली, खरखरीत श्वास घेणारी एक उंच आकृती येते. लहान मुले आधी आईचा हात घट्ट धरतात, मग हळूच पुढे होऊन हस्तांदोलन करतात, फोटो काढून घेतात.

ही मंडळी धंदेवाईक नट नव्हेत. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाचे ते चाहते. १९९७ साली अल्बिन जॉन्सन या दक्षिण कॅरोलायनातील गृहस्थांनी अशा चाहत्यांची ‘५०१ लीजन’ ही संघटना स्थापन केली. तिचे सभासद होण्याची अट मोठी कडक आहे. पोशाख ज्याचा त्याने सिद्ध करायचा, आणि तो पडद्यावरील पोशाखाशी तंतोतंत जुळतो की नाही हे संघटनेचे परीक्षक छायाचित्रांवरून बारकाईने तपासतात. कार्यक्रमासाठी स्वतः पैसे घ्यायचे नाहीत, हाही दंडक आहेच. आपल्याकडचा बहुरूपी पोटासाठी सोंग घेतो. हे लोक सोंगासाठी पदरमोड करतात! ऑक्टोबर २०१२ मध्ये या चित्रपटांच्या निमित्ताने मुलांना वाचनाकडे वळविण्याचा खास दिवस प्रथम साजरा झाला, आणि अशा वेशधाऱ्यांना ग्रंथालयांची दारे अधिकच मोकळी झाली.

ग्रंथालय म्हणजे काही जत्रा नव्हे, असे नाक मुरडून म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. जे मूल एरवी ग्रंथालयाची पायरी चढले नसते, ते या निमित्ताने आत आले तर बिघडले काय? माझी तक्रार वेगळीच आहे. हे स्वयंसेवक मुलांसमोर मुखवटा सहसा काढत नाहीत. मुलांचा भ्रम मोडू नये, असा त्यांच्यातील संकेत आहे. परिणामी मुलांना सांगण्यासारखे जे सर्वांत उत्तम, ते त्या मुखवट्याच्या आतच राहते.

ते चिलखतच घ्या. चित्रपटासाठी ते ज्या पद्धतीने घडविले गेले, तिला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात, आणि आजचे हौशी कारागीरही बहुधा तीच वापरतात. एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ पत्रा चौकटीत आवळून पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बराच वर तापवतात. तो सायीसारखा लोंबू लागला की साच्यावर पालथा घालतात आणि खालून पंपाने हवा काढून घेतात. क्षणार्धात पत्रा साच्याला बिलगतो. पंपाने पत्रा खाली ओढला, असे बघणाऱ्याला वाटते. वास्तविक पंप काहीच ओढत नाही. खालची हवा गेल्यामुळे वरच्या हवेचा दाब तेवढा उरतो आणि तो पत्र्याला दाबून बसवतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणजे तीस सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद पत्र्यावर नऊशे किलोग्रॅमचा भार! पंपाने सगळी हवा निघत नाही, म्हणून थोडा कमी धरा. काही जण घरच्या व्हॅक्यूम क्लीनरवर काम भागवतात. त्याचा जोर बराच कमी, तरीही बऱ्याच वेळा तो पुरतो. शिक्षकांनी वर्गात डबा चेपवून दाखविलेला वातावरणाचा दाब तो हाच. (या शिरस्त्राणाला ‘शिल्प’ म्हणायचे की नाही, यावरून ब्रिटनमध्ये खटला चालला आणि २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते शिल्प नव्हे, असा निकाल दिला. ते असो.)

किंवा त्या चिलखतात शिजणारा माणूस घ्या. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकीत असतो. घाम वाळला तर अंग निवते. पण बंद प्लॅस्टिकमध्ये हवा दमट होऊन बसते आणि घाम वाळतच नाही. श्वासातली वाफ डोळ्यांपुढच्या काचेवर जमते. म्हणून शिरस्त्राणात छोटे पंखे बसवावे लागतात, आणि नीट दिसत नसल्याने साध्या कपड्यातला एक सोबती बरोबर असतो. बाष्पीभवनावर याहून जिवंत धडा कोणता मिळणार? काळ्या मुखवट्यामागील तो भीतिदायक श्वास तर पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रातून ध्वनिमुद्रित केलेला आहे.

रहस्य फोडले की गंमत जाते, हा आक्षेप मला फारसा खरा वाटत नाही. जॉन्सन यांची लहान मुलगी मेंदूच्या कर्करोगाने आजारी असताना, चित्रपटातील यंत्रमानवाची गुलाबी प्रतिकृती तिच्यासाठी घडविण्याचे काम हौशी कारागिरांनी हाती घेतले. २००५ साली ती मुलगी गेली. पुढे तो गुलाबी यंत्रमानव अनेक ठिकाणी मुलांना भेटावयास नेला गेला. तो दूरनियंत्रकावर चालतो, चालविणारा माणूस जवळच उभा असतो. म्हणून काही मुलांचा त्याच्यावरचा जीव कमी होत नाही. चारपाच वर्षांच्या बालकांपुढे मुखवटा खुशाल राहू द्या. पण दहा वर्षांवरील मुलांना पाऊण तास वेगळे बसवून टेबलावर साचा, अर्धवट कापलेला पत्रा, पंखा, तारा असे सगळे मांडावे. शिरस्त्राण मुलांच्या हाती द्यावे.

आणि ग्रंथपालांनी शेजारी पुस्तके ठेवावीत. चित्रपटाच्या कथांची तर ठेवावीतच, पण विज्ञानाचीही. अवकाशात हवा नसताना स्फोटाचा आवाज ऐकू येईल कसा? चित्रपटातील एक वैमानिक ‘पार्सेक’ हे एकक वेळेसाठी वापरतो. ते तर अंतर मोजण्याचे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षांचे! उलट, चित्रपटातील दोन सूर्यांचा ग्रह ही कल्पना निव्वळ कल्पना राहिली नाही. दोन ताऱ्यांभोवती फिरणारा केपलर-१६ बी हा ग्रह सापडल्याचे २०११ साली जाहीर झाले. तिथे मावळतीला दोन सावल्या पडतील का, असे एखाद्या मुलाने विचारले, तर ते टेबलापाशी उभे असतानाच पुस्तक त्याच्या हाती पडले पाहिजे. पुढच्या शनिवारी सैनिक नसतील, आणि मूलही बहुधा आलेले नसेल.