नकाशा टिकतो, राष्ट्राचे काय?

१८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्गची लढाई दक्षिणेने जिंकली असती तर दुभंगलेली अमेरिका टिकली असती काय? पर्यायी इतिहास लिहिणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर बहुधा फार स्वस्तात दिले जाते, असे आमचे मत आहे.

विन्स्टन चर्चिल यांच्या १९३० च्या निबंधात विजयी सेनापती ली स्वतःच गुलामगिरी रद्द करतो. पुढे दोन्ही अमेरिका ब्रिटनशी हातमिळवणी करून महायुद्धही टाळतात. फाळणी जणू वरदानच! प्रत्यक्षात दक्षिणी राज्यसंघाच्या १८६१ च्या संविधानाने गुलामांवरील मालकीहक्कास बाधा आणणारा कायदा करण्यास मनाई केली होती. ज्या कारणास्तव राष्ट्र फुटले, ते एका सेनापतीच्या फर्मानाने कसे नाहीसे व्हावे?

वॉर्ड मूर यांची 'ब्रिंग द ज्युबिली' (१९५३) ही कादंबरी आम्हांस म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते. तीत पराभूत उत्तरेकडे 'संयुक्त संस्थाने' हे नाव उरते. मात्र दारिद्र्याने गांजलेली माणसे करारबद्ध मजुरीत स्वतःला बांधून घेतात. माणूस विकत घेण्याची रीत सीमारेषेपाशी थांबत नाही, हे मूर यांनी नेमके हेरले आहे.

अशी कथा वाचताना लढाई कोणी जिंकली, हे आपण नंतर पाहावे. १८६० च्या जनगणनेतील सुमारे ४० लाख गुलामांचे लेखकाने काय केले, हे आधी विचारावे.