बदनामी कुणाची?

1994 च्या पावसाळ्यात जळगावचे प्रकरण उघडकीला आले तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिले, ‘जळगाव वासनाकांड’. या नावाकडे आपण कधी नीट पाहिले आहे का? मुलींना फसवून न्यायचे, बलात्कार करायचा, फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धाकाने पुन्हा पुन्हा बोलवायचे, असा तो आरोप होता. त्यात नगरसेवक, पैसेवाले, पुढाऱ्यांच्या ऊठबशीतली माणसे असल्याचे छापून येत होते. पण नावात ना बलात्कार आला, ना धमकी, ना पैसा. आली ती वासना, जणू दोन्हीकडून काही होते, आणि आले गावाचे नाव. आरोप मूठभर पुरुषांवर, आणि डाग सगळ्या गावावर. गावावरचा डाग शेवटी कुणाच्या अंगावर येतो, हे मुलीसाठी सोयरीक शोधणाऱ्या बापाला विचारा. औरंगाबादेतून (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचे) अजिंठ्याचा घाट उतरला की जळगाव येते; ही काही लांबची गोष्ट नाही.

मीरां बोरवणकरांसारख्या अधिकाऱ्यांनी तपास केला. खास न्यायालय बसले, शिक्षा झाल्या. 2000 साली मुंबई उच्च न्यायालयात गाजलेल्या खटल्यातली शिक्षा रद्द झाली. तक्रारीला झालेला उशीर हा तिथे मोठा मुद्दा ठरला. ज्यांना न्यायालयाने सोडले त्यांना आम्ही दोषी म्हणणार नाही. आमचा सवाल वेगळा आहे. पेपरात शेकडो मुलींचे आकडे छापून आले आणि न्यायालयापर्यंत पोचल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्या गावात बोलणाऱ्या मुलीचे लग्न मोडते, तिथे तिने वेळेवर का तक्रार केली नाही हे तिलाच विचारायचे? उशीर तिने केला की आपण करवला?

कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. पीडितेचे नाव छापणे 1983 पासून गुन्हा आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात सांगितले की नावच नव्हे, ओळख पटेल असा कोणताही तपशील बाहेर जाता कामा नये. तरी 2021 मध्ये गोव्यात काय झाले ते आठवा. ‘तहलका’चे संपादक तरुण तेजपाल यांना म्हापशाच्या सत्र न्यायालयाने निर्दोष सोडले, आणि त्या 527 पानी निकालपत्रात तक्रारदार बाईची ओळख पटेल असे तपशील तसेच राहिले. ते काढून मगच निकाल संकेतस्थळावर टाका, असे उच्च न्यायालयाला सांगावे लागले. शिवाय घटनेनंतर ती हसली का, दुःखी का दिसली नाही, याची चर्चा पानोपानी. खटला पुरुषावर आणि उलटतपासणी बाईच्या चेहऱ्याची.

अमेरिकेतही वेगळे नाही. जेफ्री एपस्टीन हा कोट्यधीश. फ्लोरिडात पोलिसांचा तपास सुरू झाला तो 14 वर्षांच्या मुलीच्या पालकांच्या तक्रारीवरून, आणि 2008 मध्ये गुन्हा कबूल करून घेतला तो वेश्याव्यवसायाच्या कलमांखाली. म्हणजे सरकारी कागदावर ती शाळकरी पोर वेश्या ठरली! त्याला झाला 13 महिन्यांचा तुरुंगवास, तोही दिवसा ऑफिसात जायची मुभा ठेवून. सरकारी वकिलांनी त्याच्याशी केलेला करार मुलींपासून लपवला होता. 2018 मध्ये ‘मायामी हेरल्ड’च्या ज्युली ब्राउन यांनी त्या मुलींना शोधून बोलते केले तेव्हा कुठे चक्र फिरले. 2019 मध्ये पुन्हा अटक झाली आणि सुमारे महिन्याभराने तो कोठडीत मेला. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की सगळी कागदपत्रे उघड करा. पीडितांची नावे झाका, पण कुणाची बदनामी होईल या कारणाने काही झाकू नका. जानेवारी 2026 मध्ये लाखो पाने बाहेर आली. पाहतात तो अनेक पीडितांची नावे उघडी, आणि काही पुरुषांची नावे काळ्या पट्टीखाली. बायकांच्या वकिलांनी ओरड केली तेव्हा हजारो कागद मागे घेतले. आपल्या वाहिन्यांना मात्र त्यात कोणता भारतीय सापडतो यातच रस.

आता घरातली गोष्ट. अजमेर, 1992. शाळा-कॉलेजच्या मुलींना फोटोंच्या धाकाने लुटणाऱ्यांत दर्ग्याच्या खादिम घराण्यांतले, यूथ काँग्रेसची पदे मिरवणारे श्रीमंत तरुण होते. लग्न ठरवण्याआधी मुलगी ‘त्यांपैकी’ तर नाही ना, हे विचारायला लोक वर्तमानपत्राच्या कचेरीत येत, असे तिथल्या पत्रकारांनी सांगितले आहे. आरोपी एकेक करून वर्षानुवर्षांनी हाती लागले आणि दर वेळी त्या बायकांना पुन्हा साक्षीला बोलावले गेले. 20 ऑगस्ट 2024 ला सहा जणांना जन्मठेप सुनावली गेली तेव्हा 32 वर्षे झाली होती. ज्या पोरी होत्या त्या पन्नाशीला आल्या.

हे प्रकरण निघाले की आपले लोक म्हणतात, मीडिया कौमला बदनाम करतो. खोटे नाही ते. जळगावला आरोपींच्या धर्माची चर्चा झाली नाही, अजमेरला आजही होते, आणि मतांसाठी होते हेही आम्हाला दिसते. पण म्हणून आपण काय केले? 2023 मध्ये ‘अजमेर 92’ हा चित्रपट आला तेव्हा जमियतच्या नेत्यांनी बंदी मागितली. सिनेमा वाईट असेल, हेतूही वाईट असेल. पण त्या मुलींच्या बाजूने उभे राहायला कुणी अडवले होते? फोटो काढणाऱ्याने जी धमकी दिली, ‘बोललीस तर बदनामी होईल’, तीच आपण कौमच्या नावाने देतो.

मशिदीत, जलशात आपण सूरह नूर ऐकतो. हजरत आयेशांवर आळ घेणाऱ्यांचा तो प्रसंग आहे. चार साक्षीदारांची अट घातली ती बाईवर तोंड टाकणाऱ्यांवर. आपण तीच अट फिर्याद घेऊन आलेल्या बाईच्या गळ्यात अडकवली! आणि सूरह निसाची 135 वी आयत? साक्ष देताना समोरचा आपला की परका, तालेवार की फकीर हे पाहू नका, असे ती बजावते. आपल्या किती कमिट्यांत ती वाचून निर्णय होतो? तिथे आधी पाहतात की चंदा कुणाचा मोठा.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, म्हणून आणखी एक. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलावरचा अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा ठरवला आहे. तरी आपल्या शाळांत पहिले वाक्य ऐकू येते, ‘बात बाहर न जाए’. मुलीचे नाव बाहेर जाऊ नये हे खरे. पण या वाक्याने वाचतो तो कोण? मुलीचा दाखला काढला जातो, आणि ज्याच्यावर बोट असते तो बक्षीस समारंभाला पहिल्या रांगेत बसतो.

चित्रपटावर बंदी मागणारी पत्रके आम्ही वाचली. अजमेरच्या त्या बायकांसाठी, जळगावच्या न बोललेल्या मुलींसाठी आपल्या एखाद्या जमातीने, अंजुमनने पत्रक काढले असेल तर ज्याच्याकडे असेल त्याने या अंकाच्या संपादकांकडे पाठवावे. आम्ही ते वर्गात वाचून दाखवू.