फोटो हरवत नाही, पत्ता चुकतो

वर्डमधला अहवाल ‘वेब पेज’ म्हणून साठवला की चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. पानात उरतो फक्त त्यांचा पत्ता. आपण पान तेवढं चढवतो आणि गावाकडच्या कोरड्या विहिरीच्या फोटोजागी रिकामी चौकट दिसते. मग कोणीतरी त्याखालची ओळही उडवतं! हे मला पटत नाही. फोटो म्हणजे पुरावा, सजावट नव्हे.

ग्योतोकुत रविवारी मी असे अहवाल दुरुस्त करत बसतो. मूळ फाइल डॉक्सएक्स (वर्ड २००७ पासूनची) असेल तर तिच्या प्रतीच्या नावाचा शेवट ‘झिप’ करून उघडा. अहवालात चिकटवलेले फोटो ‘वर्ड’मधल्या ‘मीडिया’ फोल्डरात सापडतात. ते चढवा, पानातले पत्ते बदला. ‘सी:’ असलेला पत्ता पाठवणाऱ्याच्याच संगणकावरचा. तो इतरांना निरुपयोगी. कार्यकर्त्यांकडून मूळ फाइलच मागवा.