पाच देशांचे निर्बंध, तरी भारताचा करार. कोण आहेत स्मोट्रिच?

कडा-आष्टीच्या दुष्काळी पट्ट्यात इस्रायल म्हटलं की ठिबक सिंचन आठवतं. पण ८ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत निर्मला सीतारामन यांच्यासोबत गुंतवणूक करारावर सही करणारे इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांची जगात ओळख वेगळी आहे.

कोण आहेत स्मोट्रिच?

जन्म १९८०, इस्रायलच्या ताब्यातल्या गोलान टेकड्यांवर. 'रिलिजियस झायोनिझम' पक्षाचे नेते. ही भूमी देवाने ज्यूंना दिली, असं हा विचार मानतो. २०२२ अखेर ते अर्थमंत्री झाले. पुढे वेस्ट बँकमधल्या ज्यू वसाहतींबाबतचे मोठे अधिकारही त्यांच्याकडे आले.

वाद काय?

पॅलेस्टिनींविरुद्ध हिंसेला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवत जून २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नॉर्वेने त्यांच्यावर निर्बंध लादले. ऑगस्टमध्ये त्यांनी वेस्ट बँकमध्ये सुमारे ३,४०० घरांची योजना पुढे रेटली. यामुळे पॅलेस्टाइन राष्ट्राची कल्पनाच गाडली जाईल, असं ते म्हणाले.

भारताची भूमिका काय?

करारानंतर चारच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांत भारताने मत दिलं, ते इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाइन असावं या ठरावाच्या बाजूने. म्हणजे गुंतवणूक एका बाजूला, तत्त्व दुसऱ्या बाजूला. अडचण एवढीच, की ज्या राष्ट्रासाठी भारत मत देतो, त्याची जमीन स्मोट्रिच यांच्याच निर्णयांनी कमी होत चालली आहे.