चिठ्ठ्यांचं मडकं आधी पाहा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नागपूरहून सौंसरला आला तो लॅपटॉप घेऊनच. त्यावर 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3' हा खेळ होता, 1999 सालचा, म्हणजे त्याच्याहून वयानं मोठा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लॅपटॉप आपटल्यासारखा मिटला आणि म्हणाला, "मामा, हा गेम चिटिंग करते. मला पाहिजे ते स्किल देतच नाही."

त्याच्या शेजारी बसून मी तो खेळ पाहिला, समजून घेतला, आणि मग स्वतः महिनाभर खेळलो. म्हणून हे आवाहन. पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, रामाकोना, जिथं जिथं आपली पोरं-पोरी असे डावावर डाव टाकत चालणारे युद्धाचे खेळ खेळतात, त्यांना आणि त्यांच्यावर ओरडणाऱ्या आईबापांनाही माझं एकच सांगणं आहे. नशिबाला शिव्या देण्याआधी चिठ्ठ्यांचं मडकं उघडून पाहा.

ग्रामपंचायतीत दोघांना सारखीच मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात. मडक्यात दोन चिठ्ठ्या, एक लहान मूल, आणि सगळ्यांसमोर निकाल. कोणाची चिठ्ठी निघेल ते कोणालाच ठाऊक नसतं, पण मडक्यात दोनच चिठ्ठ्या आहेत हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. या खेळातला नायक असाच चिठ्ठ्यांवर वाढतो. फरक इतकाच की त्याच्या मडक्यात सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या सारख्या नसतात.

लढाई जिंकली की नायकाला अनुभवाचे गुण मिळतात. 1000 गुणांवर दुसरी लेव्हल, 2000 वर तिसरी, 3200 वर चौथी. प्रत्येक लेव्हलला दोन गोष्टी घडतात. पहिली आपल्याला न विचारता होते: हल्ला, बचाव, जादूचं बळ आणि ज्ञान या चारांपैकी एक गुण एकानं वाढतो. 'नाइट' जातीचा नायक घ्या. नवव्या लेव्हलपर्यंत त्याच्या मडक्यात 100 चिठ्ठ्या धरल्या, तर बचावाच्या 45, हल्ल्याच्या 35, जादूच्या बळाच्या 10 आणि ज्ञानाच्या 10. दहाव्या लेव्हलपासून मडकंच बदलतं: 30, 30, 20, 20. म्हणजे ज्याला आपण तलवारबहाद्दर समजून बसलो, तो उतारवयात जादूकडेही वळू लागतो.

दुसरी गोष्ट आपल्याला विचारून होते. दोन कौशल्यं समोर येतात, एक निवडायचं. बहुतेक वेळा त्यातलं एक आधीच्या कौशल्याची पुढची पायरी असते आणि दुसरं नवं कोरं. एकूण कौशल्यं 28, पण एका नायकाला फक्त 8 शिकता येतात. प्रत्येकाच्या तीन पायऱ्या: बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्स्पर्ट. कोणतं नवं कौशल्य समोर यावं याच्याही चिठ्ठ्या नायकाच्या जातीप्रमाणे ठरलेल्या असतात. काही नावांच्या भरपूर, काहींची एकही नाही. नाइटच्या मडक्यात मुडदे उठवणाऱ्या 'नेक्रोमन्सी'ची चिठ्ठीच नसते. शंभर लढाया जिंकल्या तरी लेव्हल वाढून ती मिळणार नाही. ती का येत नाही म्हणून रुसणं म्हणजे बाभळीला संत्री का लागत नाहीत म्हणून रुसणं.

इथे थोडा हिशेब करू, कारण बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. आठ कौशल्यं, प्रत्येकी तीन पायऱ्या, झाल्या 24. बहुतेक नायक दोन पायऱ्या चढूनच येतात. राहिल्या 22. म्हणजे वाटेत कुठून फुकट काही मिळालं नाही, तर तेविसाव्या लेव्हलला पूर्ण घर भरतं. रोजच्या डावात इतक्या लेव्हली येतच नाहीत. म्हणून आठही खोल्या घाईघाईनं भरू नका. नको असलेलं नवं कौशल्य आणि हव्या कौशल्याची पुढची पायरी असं जोडीनं आलं, तर डोळे झाकून पायरी घ्या. खोली रिकामी राहिली म्हणजे पुढे चांगल्या पाहुण्याला जागा राहिली. माझ्या भाच्यानं 'नवीन काहीतरी' म्हणून पाचव्या लेव्हललाच 'ईगल आय' आणि 'लर्निंग' घेऊन ठेवलं होतं. 'लर्निंग' एक्स्पर्ट केलं तरी अनुभवाचे गुण फक्त 15 टक्के जास्त मिळतात, आणि एकदा शिकलेलं विसरता येत नाही. नकाशावरच्या चेटकिणीच्या अनोळखी झोपडीतही असंच सांभाळून शिरा. ती आत गेल्याबरोबर काहीतरी शिकवून मोकळी होते, हवं की नको विचारत नाही.

आपल्याकडच्या संत्र्याच्या बगीच्यावाल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. मृगाचा बहार घ्यायचा असेल तर तो एप्रिल-मे मध्ये पाणी तोडून झाडं ताणावर सोडतो. आंबिया घ्यायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत. पाऊस कधी येईल ते त्याच्या हातात नाही. पण जंभेरीच्या कोणत्या खुंटावर डोळा भरलेला आहे, ताण किती द्यायचा, कोणता बहार धरायचा, हे त्याच्या हातात असतं, आणि त्यातच त्याची सगळी अक्कल पणाला लागते. खेळातला खुंट म्हणजे सुरुवातीचा नायक. त्याची पहिली कौशल्यं चिठ्ठीवर नसतात, ती ठरलेली आणि आपल्याला दिसणारी असतात. 'क्रॅग हॅक' हा नायक येतानाच हल्ल्याचं 'ऑफेन्स' दुसऱ्या पायरीवर घेऊन येतो. निवड तिथे करा, वेळ तिथे घालवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही मडक्यांना आठवण असते, काहींना नसते, आणि हा फरक कळला नाही तर माणूस आयुष्यभर फसतो. नाइटच्या जादूच्या बळाच्या 10 चिठ्ठ्यांना आठवण नाही. दुसऱ्या ते नवव्या लेव्हलपर्यंत आठदा चिठ्ठी निघते. त्यात ते बळ एकदाही न वाढण्याची शक्यता 100 पैकी सुमारे 43. म्हणजे जवळजवळ निम्म्या डावांत असं होणारच, आणि सात वेळा हुकलं म्हणून आठव्यांदा एकही चिठ्ठी वाढत नाही. सारीपाटाच्या फाशांचंही असंच. पण 'विज्डम' या कौशल्याला खेळ बनवणाऱ्यांनी आठवण दिली आहे. त्याच्याशिवाय वरच्या दर्जाचे मंत्र शिकता येत नाहीत, म्हणून ते लढवय्या नायकाला दर सहा लेव्हलींत आणि जादूगाराला दर तिनांत एकदा तरी समोर आणायचं, असा नियमच आहे. तिथे 'आता येईल' म्हणून थांबणं शहाणपणाचं. हल्ला-बचावाच्या गुणांसाठी तसं थांबणं म्हणजे भ्रम.

हाच भ्रम मटक्याच्या चिठ्ठीवर घरं बुडवतो. 'इतके दिवस लागला नाही, आता लागेलच.' आकड्याला कसली आली आठवण? मोबाइलवर पैसे घेऊन बंद पेटी उघडायला लावणारे खेळ याच भुकेवर चालतात. पेटीत काय निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करा, असा नियम चीननं 2017 मध्ये लावला. बेल्जियमनं 2018 मध्ये अशा विकतच्या पेट्या जुगारात धरल्या. आपल्या संसदेनं 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आईबापांनो, पोरगं नकाशावर नायक फिरवतंय म्हणून घाबरू नका. त्यात पैसा जात असेल आणि मडकं झाकलेलं असेल, तर मात्र त्याच दिवशी शेजारी बसा. ओरडू नका, बसा.

आणि पोरांनो, चिठ्ठी मनासारखी आली नाही की जुना सेव्ह उघडून पुन्हा खेळायची सवय सोडा. मीही महिनाभर तेच करत होतो. वाईट चिठ्ठी पुसून टाकली की वाईट चिठ्ठीवर डाव कसा सावरायचा ते हातात येतच नाही. मी सगळे डाव जिंकत होतो आणि खेळ मात्र काडीचाही कळत नव्हता. विकतचा खेळ परवडत नसेल तर 'बॅटल फॉर वेस्नॉथ' फुकट मिळतो. त्यात नवा शिपाई भरती केला की बळकट, चपळ, चिवट, हुशार अशा गुणांतले सहसा दोन चिठ्ठीवर त्याच्या वाट्याला येतात. हुशार शिपायाला पुढच्या लेव्हलसाठी कमी अनुभव लागतो, म्हणून त्याला जपायचं; चिवटाला पुढे उभं करायचं. आला शिपाई बघून त्याचं काम ठरवायचं, एवढीच कसरत पुन्हापुन्हा.

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. लेव्हल वाढली की समोर कोणती दोन कौशल्यं आली ते लिहा, घेतलेल्याखाली रेघ मारा. एका नायकाचं एक पान. भाच्याच्या वहीत आतापर्यंत 34 ओळी झाल्या आहेत. 'विज्डम' जिथे जिथे आलं तिथे त्यानं लाल पेनानं गोल केलाय, आणि परवा फोनवर पुढचा गोल कोणत्या ओळीच्या आत येणार ते त्यानं मला आधीच सांगून ठेवलं.