लॅपटॉपची बेल कोण दाबतंय?

लिनक्सच्या लॅपटॉपवर काही चालू नसताना पंखा घोंघावतोय, टचपॅड मधेच बंद पडतोय? मदरबोर्ड बदलण्याआधी थांबा. इंटरप्ट म्हणजे कीबोर्ड, वायफाय वगैरेंनी प्रोसेसरला बोलवायला वाजवलेली बेल. एखादा भाग ती दाबूनच धरतो. 1,00,000 पैकी 99,900 हून जास्त वेळा दारात कोणीच नसलं, की कर्नल ती लाइनच तोडतो आणि नोंद करतो, ‘नोबडी केअर्ड’. त्याच लाइनवरचा टचपॅड बिचारा विनाकारण गप्प!

‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा बघा. टायमरचे आकडे वाढणारच, ते सोडा. दुसरी कुठली ओळ उड्या मारत असेल, तर तिच्या शेवटी संशयिताचं नाव असतं. तिथे ‘एसीपीआय’ दिसलं, तर आधी बायोस अपडेट करून बघा. चार्जर लावूनच हं!